बुडालेले जहाज कोणाचे?

मित्रहो, आपल्या किनाऱ्यावर एक समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. दर्याने दिले ते ज्याला मिळाले त्याचे. रापणीत माशांबरोबर लाकडाचा ओंडका आला, तेलाचे पिंप आले, तर रापणकार ते घरी नेतो आणि त्यात गैर काही आहे असे त्याला वाटत नाही. कायदा मात्र वेगळे सांगतो. जहाज बुडाले म्हणून मालकाचा हक्क बुडत नाही. विमा कंपनीने पूर्ण नुकसानभरपाई दिली असेल, तर तो हक्क तिच्याकडे जाऊ शकतो, पण म्हणून माल बेवारस होत नाही.

जुन्या काळी मात्र आपल्याकडे तिसराच हक्कदार असे, तो म्हणजे राज्यकर्ता. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला होता. त्यांत एक मागणी होती : इंग्रजांची जहाजे फुटून किनाऱ्याला लागली तर माल परत मिळावा. महाराजांनी बाकी बरेच मान्य केले, पण इथे ते अडले. कोकणचा रिवाज तसा नाही, आणि आज इंग्रजांना ही सवलत दिली तर उद्या फ्रेंच आणि डच तीच मागतील, असे उत्तर गेले. समुद्राचे राजकारण त्यांना किती नेमके कळत होते ते या एका उत्तरात दिसते.

आजचा कायदा मालकाच्या बाजूने आहे. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात त्यासाठी ‘रिसीव्हर ऑफ रेक’ नावाचा अधिकारी होता. सापडलेली वस्तू त्याच्याकडे द्यायची आणि मालकाने वर्षभरात येऊन हक्क सांगायचा, अशी पद्धत. २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला.

मग वाचवणाऱ्याला काय मिळते? त्याला मालकी मिळत नाही, बक्षीस मिळते. संकटात सापडलेले जहाज किंवा माल कोणी स्वतःहून वाचवला, तर वाचलेल्या मालाची किंमत, धोका आणि कौशल्य पाहून रक्कम ठरते. काहीच वाचले नाही तर साधारणपणे काहीच मिळत नाही. मात्र तेलगळती रोखायला जो राबला त्याला जहाज वाचले नाही तरी खर्च मिळावा, अशी तरतूद १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने केली. आणि जीव वाचवल्याबद्दल वाचलेल्या माणसाकडून पैसे मागता येत नाहीत. मला हे कलम फार मोलाचे वाटते.

पण मालकालाच जहाज नको असेल तर? हा प्रश्न आपण गोवेकरांनी बारा वर्षे डोळ्यांनी पाहिला. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्यापाशी रुतले. मी कांदोळीच्या वाळूत उभा राहून ते कितीतरी वेळा पाहिले आहे. गंजून तांबूस झालेली लांबलचक भिंत, दरवर्षी थोडी आणखी खाली गेलेली, पोटात वाळू भरलेली. पहिल्या पावसाळ्यानंतर ते ओढून काढणे जेवढे सोपे होते, तेवढे पुन्हा कधीच राहिले नाही. सरकारने ते राज्याच्या कायद्याखाली ताब्यात घेतले, निविदांवर निविदा निघाल्या, आणि अखेर २०१२ मध्ये ते तुकडे करून हलवले गेले. मालकी कोणाची हा वाद चालू असताना किनारा मात्र आपला होता. म्हणूनच २००७ चा नैरोबी करार मला महत्त्वाचा वाटतो : धोकादायक सांगाडा हटवण्याची जबाबदारी जहाजमालकाची, ३०० टनांवरच्या जहाजाला त्यासाठी विमा सक्तीचा, आणि दावा थेट विमा कंपनीवर लावता येतो. भारत त्यात २०११ साली सामील झाला.

आता मालक केव्हाच काळाच्या पडद्याआड गेला असेल अशा जहाजाकडे येऊ. झुआरीच्या मुखाबाहेर सुंची खडकापाशी सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्याखाली उतरून शोधले. तोफा, चिनी मातीची भांडी, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात. पाणघोडा आफ्रिकेतच असतो, म्हणजे त्या एका दातावरून माल कुठून आला ते कळते. पण हे केव्हा? दात तोफेजवळ होता की भांड्यांच्या ढिगात, हे कोणी लिहून ठेवले तर. कोणी डुबकी मारून तो घरी नेला, की तो नुसता दात उरतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही, आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

तेव्हा माझी रापणकारांना आणि डायव्हिंग करणाऱ्या मुलांना एक विनंती आहे. जाळ्यात जुने भांडे आले तर ते घासूनपुसून उजळू नका, ओलेच ठेवा. मोबाईलवर जागेची नोंद करा आणि दोनापावल्याला किंवा पणजीतल्या पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि खाली तळाशी काही दिसले तर हात न लावता फोटो तेवढा घेऊन वर या.