नेलपॉलिश किती वेळ वाळवलं?

(माहितीपटाचं निवेदन. चौकटी कंसातल्या ओळी संकलनासाठी आहेत, वाचायच्या नाहीत.)

[दृश्य : पानाची खालची बाजू, अगदी जवळून. ब्रश फिरतो.]

बाटली नेलपॉलिशचीच आहे, बिनरंगी. ब्रश फिरतोय पानाच्या पाठीवर. थर वाळला की त्यावर पारदर्शक टेप दाबायची, एका कडेने अलगद सोलायची आणि काचपट्टीवर चिकटवायची. आता पान हरवलं तरी चालेल. त्याचा ठसा टेपवर उतरलाय.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकातून दिसणारा ठसा.]

ही पर्णरंध्रं. घेवड्याच्या दोन बिया समोरासमोर ठेवाव्यात तशी एकेक जोडी आणि मधे फट. झाडाची हवेशी देवघेव चालते ती मुख्यतः या फटींतून. वाहत्या रस्त्याकडेच्या झाडांत रंध्रांची दाटी आडबाजूच्या झाडांपेक्षा वेगळी असते का, हा या संशोधक मुलीचा प्रश्न. पेपर, म्हणजे तिचा शोधनिबंध, छापून येईपर्यंत नाव नको, असं तिने सांगितलंय, म्हणून इथे ती नुसती ‘ती’. दोन वर्षं ठसे घेऊन झाले, मोजणी संपली. आता लिहायचं.

[दृश्य : भिंतीवर चिकटवलेले छापील आलेख. ती त्यांच्या जागा बदलते आहे.]

शीर्षकापासून पेपर लिहायला बसलेला माणूस बहुतेकदा शीर्षकावरच अडकतो. ती आकृत्यांपासून सुरुवात करते. चार आलेख, दोन छायाचित्रं, एक तक्ता. आधी कोणतं दाखवायचं आणि मग कोणतं, यातच अर्धा पेपर ठरून जातो. त्यानंतर पद्धती, मग निरीक्षणं, मग चर्चा. प्रस्तावना त्याच्याही नंतर. सारांश आणि शीर्षक शेवटच्या आठवड्यात. छापताना ही मागची मंडळी पुढे जाऊन बसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, पेपर असाच वरून खाली लिहिला असेल.

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा. छायाचित्र मोठं होतं.]

या छायाचित्रात स्केल बार राहिलाय. कोपऱ्यातली ती पांढरी रेघ, जी सांगते की एवढ्या लांबीचे इतके मायक्रोमीटर. ती नसेल तर रंध्र केवढं हे कुणालाच कळायचं नाही. दुसऱ्या आलेखात लाल आणि हिरव्या रेषा आहेत. हा फरक डोळ्यांना न दिसणारे वाचक असतात, तेव्हा निळा आणि नारिंगी. स्तंभांवरच्या उभ्या दांड्या प्रमाण विचलनाच्या (मोजमापं किती विखुरलीत) की प्रमाण त्रुटीच्या (सरासरी किती खात्रीची), हे आकृतीखाली लिहिलेलं नाही. प्रमाण त्रुटीच्या दांड्या आखूड दिसतात, म्हणून त्या लोकांच्या जास्त लाडक्या.

आणि नमुनासंख्या? तिथे तिने पानांची संख्या लिहिली होती. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी ती खोडून झाडांची लिहिली. एका झाडाची वीस पानं मोजली म्हणून ती वीस झाडं होत नाहीत.

[दृश्य : छापील मसुदा, लाल शाई. मॅडमचा हात एका परिच्छेदावर थांबतो.]

पद्धती. पहिल्या मसुद्यात हा भाग पाच ओळींचा आहे. ‘पानांच्या खालच्या पृष्ठभागाचे नेलपॉलिशच्या साहाय्याने ठसे घेऊन रंध्रे मोजण्यात आली’, आणि असंच काहीबाही. पुढचं तुम्हीच ऐका.

[मूळ ध्वनी]
मॅडम : नेलपॉलिश किती वेळ वाळवलंस?
ती : वाळेपर्यंत, मॅडम.
मॅडम : अगं, म्हणजे किती?
ती : सात-आठ मिनिटं. पावसाळ्यात जरा जास्त.
मॅडम : मग ते लिही ना. पावसाळ्यात जास्त, हेही लिही.

ही बैठक आम्ही सलग चित्रित केली. फिल्ममध्ये या बैठकीला दिलेली जागा प्रमाणाबाहेर आहे, संकलकाने तसं दोनदा सुनावलं. राहू दे. पेपर वाचणारे पद्धतींचा हाच भाग आला की पान उलटून पुढे जातात. काही नामांकित जर्नलंही, म्हणजे शोधपत्रिका, तो उचलून शेवटी टाकतात, चर्चा-निष्कर्ष सगळं आटोपल्यावर, पंगत उठल्यावर आलेल्या माणसासारखा.

[दृश्य : मसुद्याच्या समासात एकामागून एक प्रश्न उमटतात.]

फांदीच्या टोकाकडून कितवं पान घेतलं? किती वाजता तोडलं? ठसा पानाच्या मधल्या भागाचा की देठाजवळचा, आणि मधली शीर टाळली का? एका ठशात किती क्षेत्रं मोजली? ‘एक क्षेत्र’ म्हणजे किती चौरस मिलिमीटर? कडेवर अर्धंच दिसणारं रंध्र धरलं की सोडलं?

मोजणाऱ्याला माहीत होतं का, की ही पट्टी रस्त्याकडच्या झाडाची?

नव्हतं. काचपट्ट्यांवर तिने झाडांची नावंच लिहिली नव्हती, नुसते आकडे टाकले होते. कोणता आकडा कुठल्या झाडाचा ही यादी मोजणी संपेपर्यंत मॅडमच्या कपाटात होती. इतकं नीट काम केलं आणि मसुद्यात त्याबद्दल अवाक्षर नाही. का, असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, “त्यात काय लिहायचं, असं वाटलं.”

पाच ओळींची दीड पानं झाली.

[दृश्य : संग्रहातली जुनी छापील पानं. हवेच्या पंपाचं रेखाचित्र.]

हे पाल्हाळ जुनंच आहे. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६० मध्ये भांड्यातली हवा उपसणाऱ्या पंपावरचे आपले प्रयोग छापले, तेव्हा पंपाचं रेखाचित्र दिलं, काचेचं भांडं कसं होतं ते सांगितलं, हवा कुठून गळते हे लिहिलं आणि फसलेले प्रयोगही सोडले नाहीत. तसा पंप बाळगणारी माणसं तेव्हा युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीच्यांना तो प्रयोग दिसायचा तो कागदावरच. मग कागदावर तरी धड दिसायला हवा.

पाच वर्षांनी, मार्च १६६५ मध्ये, हेन्री ओल्डेनबर्गने लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं. हा रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेचा सचिव, पण नियतकालिकाचा खर्च त्याच्या स्वतःच्या खिशातून. रॉयल सोसायटीने ते आपल्याकडे घेतलं १७५२ मध्ये. सोसायटीचं लॅटिन ब्रीद आहे ‘नुलियस इन व्हर्बा’ : कुणाच्या नुसत्या शब्दावर जाऊ नका. पॅरिसचं ‘जूर्नाल दे साव्हां’ याच्या दोन महिने आधीचं, जानेवारीतलं. पण त्याची पानं आम्हाला चित्रित करायला मिळाली नाहीत.

[दृश्य : काळा पडदा. आकडे एकेक करून उमटतात.]

आता अलीकडचं. कर्करोगाच्या जीवशास्त्रातल्या ५३ गाजलेल्या पेपरांतले १९३ प्रयोग पुन्हा करून पाहायचे, असं एका प्रकल्पाने ठरवलं. त्याचा हिशेब २०२१ मध्ये मांडला गेला. मूळ लेखकांना काहीही न विचारता, नुसता पेपर समोर ठेवून प्रयोगाची आखणी करता येईल, इतक्या तपशिलाने लिहिलेले प्रयोग १९३ मध्ये किती होते?

शून्य.

विचारल्यावर काही लेखकांनी भरभरून मदत केली, काहींनी उत्तरच दिलं नाही. पैसा, वेळ, साहित्य याही अडचणी होत्याच. शेवटी पार पडले ५० प्रयोग.

मराठीत आपण ‘चवीपुरतं मीठ’ लिहून मोकळे होतो. पेपरात त्याचा भाऊबंद म्हणजे ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’. पुढे संदर्भ क्रमांक. तो पेपर उघडावा तर त्यातही ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’. असं तीन-चार पेपर मागे गेलात की एक असा निबंध भेटतो ज्यात ती पद्धत मुळी नाहीच.

[दृश्य : केसाळ पान. टेप सोलताना ठसा फाटतो. पुन्हा फाटतो.]

या जातीच्या पानांचा ठसा निघेना. पानाला बारीक लव आहे, नेलपॉलिश त्यातच अडकतं. तीन आठवडे प्रयत्न करून तिने ही जात सोडून दिली आणि मसुद्यातूनही गाळली. मॅडमनी ती परत घालायला लावली. दोनच वाक्यं : ही जात घेतली होती, लवेमुळे ठसा आला नाही, म्हणून विश्लेषणातून वगळली. तिला ते लाजिरवाणं वाटत होतं. कॅमेऱ्यासमोर ती तसं म्हणालीही, नंतर म्हणाली ते काढा. आम्ही तिचं वाक्य काढलं, फाटणारी टेप ठेवली.

[दृश्य : इनबॉक्स. ‘आदरणीय महोदय’ने सुरू होणाऱ्या ईमेलांची रांग.]

जर्नल कोणतं, यावर फार वेळ गेला नाही. ‘आपला अमूल्य लेख पाठवा, तीन दिवसांत छापतो’ म्हणणारे सगळे पुसून टाकले. हे पैसे घेतात आणि तपासत काही नाहीत. उरलेल्यांपैकी जिथे असे विषय छापून येतात असं एक निवडलं. एका वेळी एकच. तेच हस्तलिखित दोन जर्नलांना एकदम पाठवणं चालत नाही. कळलं तर दोन्हीकडून जातं.

[दृश्य : रात्र. खोलीत फक्त पडद्याचा उजेड. सबमिशन पोर्टल.]

पासवर्ड. चुकीचा पासवर्ड. नवा पासवर्ड.

मग रकाने. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, सोळा अंकी, म्हणजे एकाच नावाचे दहा संशोधक असले तरी घोळ नको. सहलेखकांची नावं, क्रम, कुणी काय केलं. त्यासाठी चौदा भूमिकांची ठरलेली यादी असते, तिच्यातून खुणा करायच्या. ‘लेखन : पहिला मसुदा’ ही त्यातली एक भूमिका. ‘काचपट्ट्या धुणे’ अशी भूमिका नाही. हितसंबंध आहेत का. एआयची मदत घेतली का, घेतली असेल तर कुठे. मूळ छायाचित्रं कुठे ठेवलीत. सगळे ठसे तिने एका खुल्या संग्रहात चढवलेत, त्यांचा डीओआय क्रमांक, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, इथे टाकायचा. संपादकांना पत्र, म्हणजे कव्हर लेटर : तिने दोन पानं लिहिलं होतं, मॅडमनी अर्ध्यावर आणलं.

फायली एकेक करून चढतात. मग पोर्टल त्या सगळ्यांची मिळून एक पीडीएफ बांधतं आणि म्हणतं, उघडून बघा, मंजूर करा. बरेच जण न बघता मंजूर करतात. ती बघते. आकृती तीन आडवी पडलीय.

[दृश्य : तिची मान आपोआप तिरकी होते.]

पुन्हा फाइल, पुन्हा पीडीएफ. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती बटण दाबते. ईमेल येतो, हस्तलिखित क्रमांकासह. ती तो क्रमांक वहीत उतरवून घेते, का ते तिलाही सांगता आलं नाही.

[दृश्य : नवव्या दिवशीची सकाळ. फोन. तिचा चेहरा. निवेदन नाही. अकरा सेकंद.]

पहिल्या जर्नलने पेपर रिव्ह्यूला, म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाला, न पाठवताच परत केला.

दुसरं जर्नल. संदर्भांची मांडणी वेगळी, ती झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने क्षणात बदलली. सारांश तीनशे शब्दांचा होता, इथे मर्यादा अडीचशे. पन्नास शब्द काढायला एक दुपार गेली.

[दृश्य : पोर्टलवरची स्थिती. ‘संपादकांकडे’. ‘परीक्षण सुरू’. खिडकीबाहेर झाडाची पानगळ.]

रिव्ह्यूअर कोण ते तिला माहीत नाही, आम्हालाही नाही. ते हे काम सहसा बिनमोबदला करतात. त्यांच्या खोलीत कॅमेरा गेला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल इथे एक जुनी गोष्ट. १९३६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या संपादकांनी आइनस्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा पेपर परीक्षकाला दाखवला. न विचारता दाखवला म्हणून आइनस्टाइन भडकले आणि त्यांनी पेपर मागे घेतला. परीक्षकाने काढलेली चूक खरी होती. पुढच्या वर्षी तो पेपर दुसरीकडे छापला गेला, निष्कर्ष बदलून.

[दृश्य : दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे शेरे, उजवीकडे उत्तरं.]

मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा. एकूण एकतीस शेरे. प्रत्येकाला उत्तर, आणि उत्तरापुढे पान आणि ओळ. पहिल्या रिव्ह्यूअरला चर्चा लांबली असं वाटतं, दुसऱ्याला ती अपुरी वाटते. सतरावा शेरा : सगळी मोजणी एकाच व्यक्तीने केली का? हो. मग तिने काही काचपट्ट्या बाजूला काढल्या, प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलाला त्या न सांगता मोजायला दिल्या आणि दोघांचे आकडे शेजारी मांडले. उत्तर : पान सहा, ओळ एकशे बेचाळीस पाहावी.

पेपर स्वीकारला गेला.

[दृश्य : प्रयोगशाळा. टेबलावर पेपरची छापील प्रत, बाजूला नेलपॉलिशची बाटली. तोच मुलगा.]

हे शेवटचं चित्रीकरण. ठरलं असं की काचपट्ट्या मोजणारा तो नवा मुलगा फक्त पेपर वाचून ठसा घेईल आणि ती काही बोलणार नाही. ती मागे स्टुलावर बसलीय, हाताची घडी घालून.

टोकाकडून चौथं पान. मधली शीर सोडून. ब्रश एकदाच, एकाच दिशेने. फोनवर आठ मिनिटं लावली. तो थांबतो, पुन्हा एकदा परिच्छेद वाचतो, बोट ओळीवर ठेवून.

[मूळ ध्वनी]
मुलगा : ताई, टेप कुठली घ्यायची?