आधी जागा, मग अंगठा

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावी वाचनालयाच्या ओट्यावर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

राजेहो, आपली शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून आपल्या भागात कधीच लिफ्ट मागितली नाही असा माणूस सापडायचा नाही. एसटी हुकली की फाट्यावर जायचं आणि हात करायचा. कापसाची गाडी येवो नाहीतर मास्तरांची फटफटी. आता मला सांगा, फाट्यावर तुम्ही नेमके कुठं उभे राहता? ब्रेकरच्या जरा पुढं. तिथं गाडी हळू होते, ड्रायव्हरला तुमचं तोंड दिसतं आणि त्याला बाजूला घ्यायला जागा असते. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. जर्मनीत गेलो आणि मी नेमकं हेच विसरलो.

शहरातल्या मोठ्या रस्त्यावर अंगठा वर करून उभा राहिलो. तिथं हात हलवत नाहीत, अंगठा दाखवतात. पाच तास गेले, वरून पाऊस. मागं सिग्नल, पुढं सिग्नल, थांबणार कोण? आणि गावातल्या गावात भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या गाडीचा मला काय उपयोग? शेवटी एक म्हातारी बाई आली, जायच्या गावाचं नाव लिहिलेल्या माझ्या पुठ्ठ्याकडं पाहिलं आणि ट्रामकडं बोट दाखवलं. शेवटच्या स्टॉपला उतर, म्हणे. म्हणून पहिला सल्ला असा: शहराबाहेर पडायला तिकिटाचे पैसे खर्च करा. ती काटकसर अंगावर येते.

पण ऑटोबानवर चढू नका. तो त्यांचा द्रुतगती मार्ग. त्यावर पायी जायला बंदी आहे आणि गाडी उगाच थांबवायलाही. बऱ्याच पट्ट्यांत वेगमर्यादाच नाही. ताशी 130 हा नुसता सल्ला. त्या वेगात तुमचा अंगठा कोणाला दिसणार? उभं राहायचं ते त्यावर चढणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, किंवा त्याहून बरं म्हणजे कडेच्या पंपावर. पंपावर तर अंगठाही नको. तेल भरून झालेल्या माणसाजवळ जायचं, नमस्कार करायचा, कुठं जायचं ते सांगायचं. समोरासमोर विचारलं की त्याला तुमचा अंदाज येतो, तुम्हाला त्याचा.

आणि विचारायचं कोणाला, हे नंबरप्लेट सांगते. आपण एमएच 29 पाहिलं की यवतमाळची गाडी म्हणतो, 27 म्हणजे अमरावती. तिथं आकड्याऐवजी गावाचं अक्षर असतं. बर्लिनचं बी, म्युनिकचं एम, हॅम्बर्गचे दोन एच. साधारणपणे शहर मोठं तितकी अक्षरं कमी. संध्याकाळी गाड्या घराकडं वळतात, तेव्हा म्युनिकला जायचं तर एमवाल्याला गाठायचं. पुठ्ठ्यावर अख्खं नाव लिहिण्यापेक्षा तेवढं एक अक्षर काळ्या मार्करनं ठसठशीत काढलं तरी लोकांना कळतं. मला हे चौथ्या दिवशी उमगलं. एमएच 29 वाचत मोठा झालेला माणूस मी, लाज वाटली.

ट्रकवाले आपल्याकडं हमखास घेतात. तिथं अनेक कंपन्या विम्यापायी परक्या माणसाला बसवू देत नाहीत. मला एक पोलिश ड्रायव्हर भेटला, वॉशिंग मशीन नेत होता. मजेत चाललो होतो, तर मधेच त्यानं ट्रक बाजूला घेतला, सीट मागं केली आणि झोपला! मला वाटलं, काही चुकलं काय? चुकलं काही नव्हतं. युरोपात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि ट्रकमधलं यंत्र सगळी नोंद ठेवतं. म्हणजे थांबलेल्या ट्रकवाल्याला विचारायला वेळ भरपूर असतो, फक्त तो झोपलेला नसावा. रविवारी मात्र ट्रकची आशा धरू नका. साडेसात टनांवरच्या ट्रकना जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत बंदी असते. रविवारी दुकानंही बंद, म्हणून भाकरतुकडा शनिवारीच घेऊन ठेवायचा.

एक चूक माझ्यासारखी करू नका. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या चौकात मी वळतो, तिथं सोडतो. मी म्हटलं सोडा. आडगावाचा फाटा निघाला. अंधार पडत आलेला, तासाभरात तीन गाड्या. त्याच्या आधीच्या पंपावर उतरलो असतो तर दहा मिनिटांत दुसरी मिळाली असती. लिफ्ट लांबची आहे म्हणून खूश होण्याआधी ती सोडते कुठं ते पाहा.

पैशाचं थोडक्यात. लिफ्ट फुकट, पण व्हिसाची फीच 90 युरो, शिवाय निदान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे कागद, राहण्याची सोय. परतीच्या तिकिटाच्या पैशाला हात लावायचा नाही. नळाचं पाणी पिता येतं. रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की 25 सेंट परत मिळतात. टाकून देऊ नका. दुधामांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणून तूप घरीच राहिलं. जवसाची चटणी नेली होती. पावाबरोबर दहा दिवस पुरली.

आता मघाशी मागं बसलेल्या पोरीनं विचारलं, मुलीनं एकटीनं जावं काय? मी बाप्या माणूस, मला तो रस्ता सोपा गेला. तुला तेवढाच सोपा जाईल असं सांगणं खोटं होईल. जोडीनं जा. दिवसाउजेडी जा. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो घरी पाठव, आणि पाठवते आहेस हे ड्रायव्हरला दिसू दे. बॅग डिकीत नको, मांडीवर. आपण नाही म्हणायला फार लाजतो, आणि खरी अडचण तिथंच होते. दारूचा वास आला, नजर पटली नाही, तर थांबलेली गाडीही सोडून द्यायची. कारण सांगत बसायचं नाही. मैत्रीण मागून येते आहे म्हणायचं अन् पंपाच्या दुकानात शिरायचं. तातडीच्या मदतीचा नंबर 112, तिथं तोच आणि इथंही तोच.