ट्रायपॉड कुठं लावायचा

(दीक्षाभूमीचा रस्ता, सकाळ. दोन बांबूंमध्ये ताणलेला पडदा.)

ही नागपुरातल्या दोन फोटो मालिकांची गोष्ट. एक माणसांची, एक राखेची. 14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दसऱ्याला इथं लाखो माणसं येतात. त्यांचे फोटो निघत नाहीत असं नाही, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पानभर असतात. पण ते गर्दीचे. वरून, लांबून, कुणाच्या तरी गच्चीवरून काढलेले.

इथं रस्त्याच्या कडेला एक सुती पडदा लागलाय. रंग राखाडी. समोर येणाऱ्या बहुतेक बाया पांढऱ्या साडीत आहेत, आणि पांढऱ्यावर पांढरं आलं की काठ, पदर सगळं विरून जातं. फोटोग्राफर नागपूरचीच मुलगी. कॅमेरा ट्रायपॉडवर, बटण लांब वायरीला. त्यामुळे तिला कॅमेऱ्याला डोळा लावून बसावं लागत नाही. ती बाजूला उभी राहून बोलत असते.

(एक आजी पडद्यासमोर.)

"आजी, कसं उभं राहायचं ते तुम्हीच ठरवा."

"मी का ठरवू? तूच सांग ना वं पोरी."

ती सांगत नाही. मग आजी चपला काढतात. पिशवीतून आत्ताच स्टॉलवरून घेतलेलं पुस्तक काढून छातीशी धरतात, उलटं तर नाही ना हे वाकून बघतात. चष्मा एकदा काढतात, परत घालतात. पदर डोक्यावरून खांद्यावर येतो. मान वर होते. बटण आत्ता दाबलं जातं.

ही रीत तिची एकटीची नाही. फोटोग्राफर गौरी गिल यांनी 2003 मध्ये राजस्थानात, लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात असाच फोटोचा तंबू टाकला होता. मुली आपणहून यायच्या. कुणासोबत, हातात काय घेऊन, कसं उभं राहायचं, ते त्याच ठरवायच्या. पुढे आपल्या जव्हारमध्ये मुखवटे घडवणाऱ्या कोकणा आणि वारली कलाकारांबरोबर गिल यांनी जी मालिका केली, तिच्यात तर चेहरेसुद्धा त्या माणसांनीच घडवले. कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून माणसं रोजचे व्यवहार करताना दिसतात. आणि लांब कशाला जायचं, सुधारक ओलवे आपल्या अकोल्याचे. मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो त्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्यात वावरून काढले. 2016 ची पद्मश्री नंतरची.

(वही. पेन. थरथरता हात.)

फोटो झाला की वही पुढे येते. नाव, गाव, तालुका, पिनकोड. पिनकोड बहुतेकांना आठवत नाही, सोबतचं पोरगं मोबाइलवर शोधून देतं. छापलेला फोटो टपालानं घरी जाणार, पैसे नाहीत. आम्हाला विचाराल तर या अख्ख्या मालिकेत सगळ्यात मोलाची वस्तू ही वही आहे.

(कोराडीच्या वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या. पांढरं मैदान.)

शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, दोन्हीकडे कोळशावरची वीज केंद्रं. विजेसाठी जळणाऱ्या आपल्या कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राखच असते. ती पाण्यात कालवून पाइपानं बंधाऱ्यात सोडतात. पाणी निथळतं, आटतं, राख राहते आणि उन्हाळ्यात वारा सुटला की उडते.

राखेच्या मालिकेचा फोटोग्राफर दुसरा, एक मुलगा. तो इथं पहाटे येत नाही, सूर्यास्तालाही नाही. फुटाळा तलावाचा सूर्यास्त नागपुरात कुणाच्या मोबाइलमध्ये नाही? तो येतो दर महिन्याला, भर दुपारी, मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असतानाही. सावली पायाखाली. पण एवढं पांढरं समोर आलं की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर बिचकतं आणि राखेला करडं करून टाकतं. म्हणून हा उजेड मुद्दाम दीड स्टॉपनं वाढवतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). डोळ्यांना खुपतं तेवढं फोटोतही खुपलं पाहिजे. स्क्रीनवर एक आडवी रेघ आखलीय, क्षितिज दर महिन्याला त्याच रेघेवर. जानेवारीत राख ओलसर. मेमध्ये ही अशी. श्रावणात मधोमध पाणी आणि कडेला बेशरमाची झुडपं, हिरवीगार.

झारखंडातल्या झरियात शंभराहून अधिक वर्षं जमिनीखाली कोळसा जळतोय. फोटोग्राफर रॉनी सेन यांनी तो मुलूख मोबाइलवर टिपला होता. निसर्गचित्र म्हटलं की डोंगर आणि तळं हवंच, ही सवय असल्या फोटोंनी मोडते. मोडायलाच हवी होती.

(बंधाऱ्याची कड. डोक्याला दुपट्टा बांधलेले एक काका.)

ट्रायपॉडची पहिली जागा इथं होती, चिमण्या बरोब्बर मधोमध येतील अशी.

"इथून का काढून राहिला बाबू? तिकडून काढ. आमचं वावर तिकडं होतं."

आता ट्रायपॉड तिकडं आहे. चिमण्या कोपऱ्यात गेल्या, फोटोचा तोल गेला, आणि खाली एक वाकडी रेघ आली. तो जुना धुरा, म्हणजे वावराचा बांध. त्याच्यावरची बाभूळ अर्धी राखेत.

जुलै 2022 च्या पावसात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतांत आणि नाल्यात शिरली. भरपाई, विहिरींचं पाणी, हा वेगळाच विषय.

(टेबलावर पसरलेले दोघांचे फोटो.)

दोन्ही मालिका एकत्र लागणार आहेत, आधी गावच्या समाजमंदिरात, गॅलरीचं मग बघू. राखेचे फोटो केवढे छापायचे यावर मात्र अजून एकमत नाही. त्याला भिंतभर हवेत. ती म्हणते, टपालाच्या पाकिटात मावतील एवढेच, म्हणजे तेही घरोघर जातील. काकांना विचारलं, तर त्यांनी फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"धुरा दिसला पाहिजे. तेवढा कर."