दोन घरांचं अंतर

(दृश्य: प्रयोगशाळेतली पारदर्शक प्लेट, अगदी जवळून)

आठ ओळी, बारा रकाने, ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात पेशी आहेत. विषाणू आत शिरला की त्या उजळाव्यात, अशी सोय केलेली आहे. ४८ तासांनी यंत्र एकेका खळग्यातला उजेड मोजतं. इथे आनंद होतो तो अंधार पाहून. खळगा काळा राहिला, म्हणजे प्रतिपिंडांनी, म्हणजे विषाणूला धरणाऱ्या प्रथिनांनी, एचआयव्हीला दारातच अडवलं.

आज सगळीकडे एकच प्रतिपिंड घातलंय. विषाणू तेवढे निरनिराळे. एका खळग्यात गडद काळोख, आणि शेजारी लख्ख उजेड! असं का?

एचआयव्ही-१ हा एचआयव्हीचा सर्वाधिक पसरलेला प्रकार. त्याच्या मुख्य गटातले उपप्रकार अक्षरांनी ओळखतात. जगातल्या जवळपास निम्म्या संसर्गांमागे ‘सी’ आहे. ‘बी’ अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात जास्त, आणि सुरुवातीचं बरंचसं संशोधन त्याच्यावरच झालं. दोन उपप्रकारांच्या आवरणातल्या प्रथिनांत ३५ टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो.

त्यात भर संकरित विषाणूंची. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, की नव्या कणात दोघांचा एकेक आरएनए धागा भरला जाऊ शकतो. पुढच्या पेशीत नक्कल करणारं विकर एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं, आणि तयार होतो दोघांचे तुकडे जोडलेला तिसराच विषाणू. लोकांमध्ये पसरलेले असे शंभराहून अधिक संकर नोंदले गेले आहेत. आग्नेय आशियातला ‘सीआरएफ०१_एई’ त्यातलाच, नावाप्रमाणे ‘ए’ आणि ‘ई’ यांचा. त्याचं आवरण ‘ई’चं मानलं जातं, पण निखळ ‘ई’ आजवर कुणालाही सापडलेला नाही. बापाचा पत्ता नाही, पण आडनाव लागलंय!

(दृश्य: आवरणावरच्या प्रथिनाचं फिरतं चित्र)

विषाणूच्या आवरणावरच्या जीपी१२० या प्रथिनाचं जवळपास निम्मं वजन साखरेचं असतं. ही साखर चढवते आपलीच पेशी, त्यामुळे शरीराला ती परकी वाटत नाही. तरीही काही प्रतिपिंडं नेमकी साखरेलाच धरतात. ‘१०-१०७४’ हे त्यातलं एक. त्याला प्रथिनाच्या साखळीतल्या ३३२ क्रमांकाच्या जागेवरची साखर लागते. ‘बी’ आणि ‘सी’च्या बऱ्याच विषाणूंत ती तिथे असते. ‘सीआरएफ०१_एई’मध्ये मात्र ती बहुतेकदा ३३४ वर असते. अवघी दोन घरं पलीकडे. प्रतिपिंड हात घालतं, आणि हाताला काहीच लागत नाही. खळगा उजळतो.

‘२जी१२’ या दुसऱ्या प्रतिपिंडाची अडचण वेगळी. त्याला २९५ वरची साखर हवी असते, आणि ‘सी’च्या बहुतांश विषाणूंत ती नसते.

म्हणून अक्षरावर फार विसंबू नये. ‘सी’चा संसर्ग झालेल्या माणसाची प्रतिपिंडं आपल्या उपप्रकारावर बहुधा थोडी सरस ठरतात, इतकंच. कधी ती ‘बी’लाही रोखतात, आणि कधी दुसऱ्याच्या शरीरातल्या ‘सी’पुढे हात टेकतात. अक्षर विषाणूचं कूळ सांगतं. प्रतिपिंडाला दिसतो तो पृष्ठभाग.

२०१० मध्ये जगासमोर आलेलं ‘व्हीआरसी०१’ हे प्रतिपिंड प्रयोगशाळेत सुमारे ९० टक्के विषाणूंना रोखत होतं. ते संसर्ग टाळतं का, हे पाहणाऱ्या सुमारे ४,६०० लोकांवरच्या चाचण्यांचे निकाल २०२१ मध्ये आले. एकूण संसर्ग लक्षणीय घटले नव्हते. पण ज्या विषाणूंवर हे प्रतिपिंड कमी मात्रेतही चालत होतं, त्यांच्यापासून ७५ टक्के संरक्षण मिळालं होतं.

(दृश्य: नवी प्लेट)

या खेपेला एकेका खळग्यात तीन-तीन प्रतिपिंडं आहेत, तिघांची पकड निराळ्या जागी. यंत्राचं झाकण बंद होतं. पडद्यावर आकडे उमटू लागतात. बहुतेक खळगे काळे आहेत. खालच्या ओळीतला एक अजून चमकतोय.