बोराटीची फांदी: झुलूलँडमधली जंगलं आणि रणांगणं

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर तुम्ही ‘आफ्रिकन सफारी’ असं छापलंय, आणि प्राण्यांबद्दल मी बोलणारच आहे, पण आधी सांगते की अर्धा वेळ मी लढायांवर बोलणार आहे, कारण साउथ आफ्रिकेच्या ज्या भागात मी ग्रुप घेऊन जाते, क्वाझुलू-नाताळ, तिथे या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. आणि साताऱ्यात हे बोलायला मिळतंय याचा मला फार आनंद आहे, त्याचं कारण थोड्या वेळात कळेल.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर गेले होते, नाव सोडा. सात दिवस जनावरं आणि एक दुपार ‘हिस्टॉरिकल साइट’. इसांडलवाना नावाचा डोंगर आहे, तिथे आमची बस पंचवीस मिनिटं थांबली, त्यात बाथरूमची रांग, मग फोटो, मग चला चला लॉजवर जेवण थांबलंय. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला हो, आणि समोर उतारावर चुन्याने रंगवलेले पांढऱ्या दगडांचे ढीग दिसतायत, एक नाही दोन नाही, लांबपर्यंत विखुरलेले, आणि मला तिथपर्यंत चालत जायला वेळ नाही. ती रात्र मी झोपले नाही. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी आपण आपलं यायचं, दहा-बारा माणसं घेऊन, आणि या डोंगराला दोन दिवस द्यायचे.

आता साताऱ्याचा संबंध. १८४८ साली शहाजीराजे, म्हणजे आप्पासाहेब महाराज वारले, कंपनी सरकारने दत्तक मान्य केला नाही आणि राज्य खालसा केलं, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहिती असतं. त्या वेळी साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, कोण होता? बार्टल फ्रिअर. नंतर याच मुलखाचा कमिशनर झाला, मग सिंधला गेला, मग १८६२ ते ६७ मुंबईचा गव्हर्नर, मुंबईच्या कोटाच्या भिंती त्याच्याच काळात पाडल्या, फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं ठरलं होतं. हाच माणूस १८७७ साली साउथ आफ्रिकेत हायकमिशनर म्हणून गेला आणि झुलूंवरचं, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांवरचं, युद्ध त्याने लावलं. लावलं असंच म्हणते मी, विचार करून म्हणते. झुलू राजा सेट्श्वायो, त्याला इंग्रजांशी लढायचं नव्हतं. सीमेचा वाद होता, त्यासाठी इंग्रजांनीच कमिशन नेमलं, कमिशनने निकाल बराचसा झुलूंच्या बाजूने दिला. तो निकाल फ्रिअरने महिनोन्महिने दाबून ठेवला आणि ११ डिसेंबर १८७८ ला टुगेला नदीच्या काठी, एका रानउंबराच्या झाडाखाली, सकाळी झुलू वकिलांना तो वाचून दाखवला आणि दुपारी त्याच झाडाखाली निर्वाणीचा खलिता वाचला. तुमचं सैन्य मोडा, लष्कराची पद्धतच बंद करा, राजधानीत आमचा रेसिडेंट ठेवा. महिन्याभराची मुदत. लंडनची परवानगी नव्हती, आणि केपपर्यंत तेव्हा तारेची लाइन नव्हती, पत्राला कित्येक आठवडे लागायचे, त्याचा त्याने फायदा घेतला.

“आमचा रेसिडेंट ठेवा.” हे वाक्य साताऱ्यात वाचलं की कसं वाटतं बघा.

११ जानेवारी १८७९ ला इंग्रज सेनापती लॉर्ड चेम्सफर्डची फौज म्झिन्याथी नदी ओलांडून आत शिरली. इसांडलवानाच्या पायथ्याशी तळ टाकला. ना खंदक खणले ना बैलगाड्यांचं कडं केलं. डोंगराचा आकार लांबून बसलेल्या सिंहासारखा दिसतो, एकटाच उभा आहे माळावर, भोवती गवत आणि वारा, वारा इतका की टोपी हातात धरून बोलावं लागतं. २२ तारखेला पहाटे चेम्सफर्ड अर्धी फौज घेऊन झुलूंच्या शोधात भलतीकडेच निघून गेला, आणि झुलूंचं मुख्य सैन्य, वीस हजार माणूस, तळापासून काही मैलांवर एका दरीत गुपचूप बसलेलं. त्यांना त्या दिवशी लढायचंच नव्हतं, अमावस्या होती, अमावस्येचा दिवस त्यांच्यातही चांगला मानत नाहीत. पण इंग्रजांचे घोडेस्वार दरीच्या काठावर येऊन पोचले आणि त्यांना खाली जमिनीवर माणसंच माणसं बसलेली दिसली. मग काय थांबणार.

झुलूंची लढायची पद्धत म्हणजे बैलाची शिंगं. मधे छाती, ती समोरून भिडते, दोन्ही बाजूंनी दोन शिंगं, ती पळत जाऊन शत्रूच्या मागे मिळतात, आणि मागे कंबर म्हणजे राखीव माणसं. आमचा गाइड हे सांगताना डोंगराच्या खांद्यावर उभा राहून दोन्ही हात पसरतो, उजवा हात डोंगरामागे, डावा नदीकडे, आणि आपण बघत असतो तेव्हा ते सगळं माळरान भरून गेल्यासारखं वाटतं. न्त्शिंगवायो खोझा हा सेनापती, वयाने चांगला मोठा, सैन्याबरोबर पायी चालत आलेला. तळावर सतराशे-अठराशे माणूस होता, त्यातली १,३०० हून जास्त मारली गेली, आणि त्यात इंग्रजांच्या बाजूने उभे केलेले शेकडो आफ्रिकनही होते, ते कुणी मोजत नाही. दुपारी ऐन लढाईत सूर्याला ग्रहण लागलं, खंडग्रास. झुलूंकडचीही हजारभर माणसं तरी गेली.

आता ते पांढरे ढीग. इंग्रजांचे मृतदेह महिनोन्महिने तसेच पडून होते, मग जिथे सापडले तिथे पुरले आणि वर दगड रचले. चालत फिरलं की लढाई पायाखालून कळते. एका ठिकाणी ढीग दाटीने आहेत म्हणजे इथे पाठीला पाठ लावून लढले, पुढे विरळ होत जातात नदीच्या दिशेने, म्हणजे पळाले. पण झुलूंचे दगड कुठेत? नाहीत. त्यांनी आपली माणसं ढालीने झाकली, ओघळीत ठेवली, जवळच्या वाड्यांमधल्या धान्याच्या पेवात ठेवली. १९९९ साली त्यांचं स्मारक झालं, मोठा ब्राँझचा हार आहे, शूर माणसाला राजा जो मण्यांचा हार देतो, इझिकू, तसा. एकशेवीस वर्षांनी.

आणि एक गोष्ट, ग्रुपमधल्या लोकांना ऐकवत नाही पण मी सांगते. मेलेल्या शत्रूचं पोट झुलू चिरायचे. इंग्रजांनी लिहिलं, बघा किती रानटी. त्यांच्या दृष्टीने मात्र मेलेल्याचा आत्मा आत अडकून राहू नये म्हणून ते करायचं होतं, न करता निघून गेलं तर मारणाऱ्याला बाधा होते अशी श्रद्धा. मारून आलेला माणूस शुद्धी झाल्याशिवाय घरात, बायकापोरांत जात नसे. आपल्याकडे सुतक पाळणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये.

रोर्क्स ड्रिफ्ट तिथून पंधरा किलोमीटरवर, त्याच दिवशी संध्याकाळी तिथे दीडशेच्या आसपास इंग्रजांनी मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवलं. शौर्य होतंच, अकरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. पण जगाला तेच जास्त माहिती आहे, म्हणून मी तिथे तासभरच थांबते.

इसांडलवानाच्या उतारावर एक काटेरी झाड आहे, तिथे आमच्या ग्रुपमधले एक काका, कोरेगावकडचे शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे, एकदम थबकले आणि म्हणाले, “ही तर बोर आहे की आपली.” मी म्हटलं काका, काहीतरीच काय. त्यांनी फांदी वाकवून दाखवली. पानाला देठापासून निघालेल्या तीन शिरा, आणि काट्यांची जोडी, एक सरळ आणि एक मागे वाकलेला आकड्यासारखा. पान फक्त दोन्हीकडून तुकतुकीत, आपल्या बोरीचं खालून पांढुरकं असतं. आणि काका बरोबर होते, ते बोरीच्याच कुळातलं झाड, इंग्रजीत बफेलो थॉर्न म्हणतात, झुलूत उम्लाहलांकोसी. गाइड इतका खूश झाला, काकांचा हात हातात धरून “बाबा, बाबा” म्हणाला. झुलूतही वडीलधाऱ्या माणसाला बाबाच म्हणतात.

मग त्याने सांगितलं. घरापासून लांब माणूस मेला, अपघातात, खाणीत, लढाईत, तर घरातलं एक माणूस या झाडाची फांदी घेऊन त्या जागी जातं. मेलेल्याला नावाने हाक मारतं, चल, मी तुला न्यायला आलोय. आत्मा फांदीवर येतो. मग ती फांदी घरी आणायची. आणणाऱ्याने वाटेत कुणाशी बोलायचं नाही, फक्त फांदीशी बोलायचं. बसमध्ये बसला तर दोन तिकिटं काढायची. सरळ काटा म्हणजे पुढे कुठे जायचं ते, वाकडा म्हणजे कुठून आलो ते. इसांडलवानाहून १८७९ मध्ये किती फांद्या घरोघर गेल्या असतील, त्या कुठल्या कागदावर नोंदल्या गेल्या नाहीत.

आणि हेच झाड तुम्हाला जंगलात सगळीकडे भेटतं. तिथून आम्ही ह्लुहलुवे-इम्फोलोझीला जातो. ९६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १८९५ पासून राखीव, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी. पण राखीव होण्याआधी ते झुलू राजांचं शिकारीचं रान होतं, काळी इम्फोलोझी आणि पांढरी इम्फोलोझी या दोन नद्या मिळतात तिथे शाका राजाच्या काळात खड्डे खणून हाका घालून शिकार करायचे असं सांगतात.

जीपमधून बघा, पण एक सकाळ तरी पायी जा. दोन बंदूकवाले गाइड पुढे, मागे आपण एका रांगेत, बोलायचं नाही, भडक कपडे नाहीत, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. गाइड मधूनच चिमूटभर माती सोडून वारा बघतो, कारण गेंड्याला नीट दिसत नाही पण वास आणि आवाज लांबून कळतो. आम्ही आधी गेंडा बघितला नाही, आधी शेण बघितलं. हसू नका, शेणात सगळं आहे. गेंडे एकाच जागी ढीग घालतात, ती त्यांची गावकीची चावडी, कोण आलं कोण गेलं सगळं वासावरून कळतं. पांढरा गेंडा गवत खातो, त्याचं शेण गवताच्या चोथ्याचं. काळा गेंडा झुडपं खातो, त्याच्या शेणात काटक्यांचे तुकडे, विळ्याने तिरके छाटावेत तसे. गाइडने एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, टोक इतकं साफ होतं. आणि मग पुढच्या झाडीत पाठीवर पक्षी बसलेली एक मादी आणि तिचं पिल्लू, पिल्लू पुढे आणि आई मागे, पांढऱ्या गेंड्याची चाल तीच, काळ्यात पिल्लू आईच्या मागे असतं. आम्ही पाच-सात मिनिटं उभे होतो, तिचे कान फिरत होते, श्वासाचा आवाज येत होता. कुणाच्या हातात मोबाइल वर आला नाही.

ती मादी तिथे आहे हा योगायोग नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकाऱ्यांनी दक्षिणेकडचे पांढरे गेंडे संपवत आणले, शंभराच्या आत उरले, आणि ते फक्त इथे, या दोन नद्यांच्या रानात. नंतर गुरांना नागाना रोग होतो, तो त्सेत्से माशी पसरवते आणि जंगली जनावरांमुळे माशी टिकते म्हणून याच रानात सरकारने जनावरं मारायची मोहीम चालवली, हजारोंनी मारली. गेंडे त्यातून वाचले. १९६० च्या दशकात इथले वनाधिकारी इयन प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑपरेशन र्‍हायनो’ केलं, बेशुद्धीचं इंजेक्शन मारून गेंडे पकडायचे आणि दुसऱ्या अभयारण्यांत नेऊन सोडायचे. प्लेअर यांचा जंगलातला गुरू होता मकुबू न्तोम्बेला नावाचा झुलू, त्याचं नाव आवर्जून घ्यायला पाहिजे. २०२३ च्या शेवटी आफ्रिकेत सतरा हजारांच्या आसपास पांढरे गेंडे होते, त्यातल्या बहुतेकांचे पूर्वज या रानातले. आणि पुन्हा तेच चाललंय. २०२३ मध्ये साउथ आफ्रिकेत ४९९ गेंडे शिंगासाठी मारले गेले, त्यातले तीनशेच्या वर एकट्या क्वाझुलू-नाताळमध्ये. म्हणून २०२४ पासून इथल्या गेंड्यांची शिंगं अधिकारीच कापायला लागले. बिनशिंगाचा गेंडा बघून लोक फोटोसाठी हिरमुसतात. मी त्यांना सांगते, ती जिवंत आहे, बघा.

शेवटी स्पिऑन कोप. तिथेही खाली जलाशयाकाठी अभयारण्य आहे, जिराफ, झेब्रे, गेंडे, आणि वर डोंगरावर बोअर युद्धातली जागा. बोअर म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे गोरे. २३ जानेवारी १९०० च्या रात्री इंग्रज धुक्यात वर चढले, जमीन खडकाळ म्हणून चर गुडघाभरही खणता आला नाही, सकाळी धुकं उठलं तर बोअर तिन्ही बाजूंनी वरून बघतायत. तोच चर आज थडगं आहे, लांबलचक, पांढऱ्या दगडांच्या कडेचं. आणि या डोंगराखालून जखमींना स्ट्रेचरवर वाहून नेणारी माणसं आपली होती. गांधीजींनी उभं केलेलं नाताळ इंडियन ॲम्ब्युलन्स कोर, अकराशे माणूस, त्यातले आठशेच्या आसपास गिरमिटिया मजूर. दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत जखमी न्यायचे. सहा वर्षांनी, १९०६ च्या झुलू बंडात, गांधीजी पुन्हा स्ट्रेचर घेऊन गेले तेव्हा त्यांच्या वाट्याला जखमी झुलू आले, फटक्यांनी पाठी सोललेले, ज्यांना गोरे हात लावत नव्हते. मला वाटतं नाताळची ट्रिप करणाऱ्या भारतीयाने हे दोन प्रसंग एकापाठोपाठ ऐकलेच पाहिजेत.

जायचं असेल तर जून ते ऑगस्ट जा, तिकडे थंडी, गवत बसलेलं असतं, जनावरं पाण्यावर येतात. स्वेटर न्या, इसांडलवानाला फार गार वारं असतं.

मागच्या खेपेला परतताना म्झिन्याथी नदीवर, जिथून इसांडलवानाचे पळालेले सैनिक उतरले आणि बरेचसे तिथेच मेले, आम्ही काठावर बसलो होतो. काकांनी गाइडला विचारलं, तुमच्या घरात कुणी असं फांदीवर आलंय का. तो म्हणाला, आजोबा. जोहान्सबर्गच्या खाणीत गेले, माझे वडील आणायला गेले होते. टॅक्सीत दोन माणसांचं भाडं भरलं. सबंध रस्ता कुणाशी बोलले नाहीत, फक्त नदी आली की फांदी जरा वर धरायचे आणि हळूच सांगायचे, बाबा, आता आपण पाणी ओलांडतोय.