मारुती ८०० चा टायरॉड एंड

१९८३ साली गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले. तरीही ती अजून रस्त्यावर दिसते, आणि घरच्या घरी हात घालावा इतके तिचे स्टिअरिंग साधे आहे.

आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा पिनियन हे छोटे दातेरी चाक रॅकला, म्हणजे दातेरी दांडीला, डावी-उजवीकडे सरकवते आणि ही हालचाल टायरॉडमार्फत चाकापर्यंत पोहोचते. टायरॉडच्या टोकाशी, म्हणजे टायरॉड एंडमध्ये, ग्रीसमध्ये फिरणारा पोलादी बॉल असतो. त्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटले, की पावसाळ्यातला चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जाते आणि सांधा खडखडू लागतो.

पुढचे चाक उचलून, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. एंडपाशी प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला, तर एंड बदलायचा. बारा आणि सहाच्या जागी धरूनही चाक हलत असेल, तर दोष बेअरिंगमध्ये किंवा खालच्या बॉल जॉइंटमध्ये असू शकतो. अशा वेळी घाईने टायरॉड एंड विकत आणू नये.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

एंडला टायरॉडवर जखडून ठेवणारा चेकनट जेमतेम सैल करून, वरच्या नटातून आरपार घातलेली दुमडलेली स्प्लिट पिन काढावी. तो वरचा खाचांचा नट सैल करून दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा. एंडचा निमुळता दांडा आपल्या जागी घट्ट रुतलेला असतो. हातोडा त्या दांड्यावर न मारता, तो ज्या डोळ्यात, म्हणजे भोकाच्या कड्यात, बसतो त्याच्या बाजूवर मारावा. एक-दोन ठोक्यांत दांडा टणकन सुटतो. जुना एंड किती फेऱ्यांनी बाहेर आला ते मोजून ठेवावे आणि नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवावा.

नट आवळल्यावर दांड्याचे भोक आणि नटाची खाच जुळत नसेल, तर नट मागे न फिरवता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. स्प्लिट पिन नवीनच घालावी.

फेऱ्या मोजल्या तरी चाकांची दिशा किंचित बदलतेच आणि टायर एका कडेने झिजू लागतो, म्हणून लगेच अलाइनमेंट करून घ्यावे. तिथला कारागीर चेकनट पुन्हा सैल करतो. गाडी ताब्यात घेताना तो घट्ट आवळला आहे ना, हे खाली वाकून स्वतः पाहावे.