गेरू, नीळ आणि गाळ

हा फोटो तुम्ही शंभरदा बघितला असंल. भेगाळलेली जमीन, मधी एक म्हातारा शेतकरी डोक्याला हात लावून बसलेला. मी पण काढलाय असा, २०१६ ला लातूरच्या बाजूला, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आन टाक्यांपाशी भांडणं नको म्हणून १४४ कलम लावलं होतं ना, तेव्हा. पुढं तोच फोटो त्या गावात दाखवला तर एक मावशी एवढंच बोलली, "ह्यात आमचं काय दिसायलंय? असली जमीन कुठं बी असती."

खरंय तिचं.

क्लायमेट चेंज म्हणलं की एकतर बर्फावरचं अस्वल नाहीतर ह्या भेगा. क्लायमेट आउटरीच नावाच्या ब्रिटिश संस्थेनं ब्रिटन, जर्मनी आन अमेरिकेतल्या लोकांना असे फोटो दाखवून विचारलं होतं, आन २०१६ ला त्यांनी जे मांडलं ते मावशीच्याच बोलण्यासारखं होतं: खरी माणसं दाखवा, जवळचं दाखवा, नुकसान दाखवलं तर माणसाला करता येईल असं काहीतरी पण सोबत दाखवा, नाहीतर बघणारा घाबरतो आन नजर वळवतो.

मग हे तापमानाचे रंगीत पट्टे बघा. एड हॉकिन्स म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात, त्यांनी २०१८ ला हे जगापुढं आणले. एक पट्टा म्हणजे एक वर्ष, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल, ना आकडा ना अक्षर, तरी डावीकडून उजवीकडं लाल कसं चढत गेलंय ते शाळेत न गेलेल्या माणसाला पण कळतं.

आम्ही ते बीड जिल्ह्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर करायचं ठरवलं. फक्त तापमान नाही, पाणी. त्या त्या वर्षी गावच्या विहिरीत किती परस पाणी होतं ते गावानं आठवून सांगायचं. पाणी असंल तर चुन्यात नीळ, तळ दिसला तर गेरू. सुरुवात १९७२ पासून. आकडेवारी नव्हती ही, आठवण होती, आन तीच तर पाहिजे होती, कारण तासाभरात पारावरची सगळी माणसं भिंतीपाशी येऊन भांडायला लागली. आबा म्हणले बहात्तरला गेरू नका लावू, "तवा खायला नव्हतं पण हिरीला पाणी होतं, सोळाला दुकानात गहू होता आन हंडा रिकामा."

मग आलं २०२५. पोरानं निळ्याचा डबा उचलला, विहीर तर काठोकाठ भरली होती ना. तर मागून एक शेतकरी ओरडला, "निळा कामून? माझं सोयाबीन सडलं, बांध गेला, माती गेली, आन तू निळा लावायलास?"

सगळे गप्प. दोनच रंग होते आमच्याकडं.

हवा एक अंशानं तापली की जवळपास ७ टक्के जास्त बाष्प धरू शकती, आन सोडती तेव्हा एकदम सोडती, आन तीच तापलेली हवा उघडीप पडली की जमिनीतला ओलावा पण भराभर ओढून घेती, म्हणजे एकाच शिवारात दुष्काळ बी आन पूर बी, आन त्या सप्टेंबरात मराठवाड्यानं पूर बघितला. हे मी तिथं सांगितलं पण सांगायच्या आधीच तो माणूस नदीकडं गेला होता. घमेलंभर गाळ आणला, शेणानं सारवतात तसा हातानं त्या पट्ट्यावर लिंपला. बोटं उमटलीत बघा, चार.

दोन दिवसांनी तो गाळ वाळला आन त्याला भेगा पडल्या. ह्या भेगा कुठल्या, असं गावात कुणीच विचारलं नाही.

त्याच्या शेजारचा पट्टा कोरा सोडलाय. सातवीतल्या एका पोरीनं प्लास्टिकची बाटली कापून, आत पट्टी चिकटवून शाळेच्या कुंपणाला बांधलीय, पाऊस पडला की सकाळी बघती आन कोऱ्या पट्ट्यात खडूनं लिहिती. काल ४ मिलिमीटर होता. आबा चष्मा घेऊन वाचायला आले होते.